‘विकायची नाही’ म्हणणाऱ्या मालकाची जुनी गाडी : विचारावे कसे आणि थांबावे किती

पुण्यातल्या एरंडवणे, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता किंवा सहकारनगर या भागांतील जुन्या बंगल्यांच्या आवारात अजूनही ताडपत्रीखाली एखादी फियाट, अ‍ॅम्बॅसडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड उभी दिसते, आणि ती दिसली की जुन्या गाड्यांच्या हौशी माणसाचा जीव वरखाली होतो. टायर बसलेले असतात, बॉनेटवर आंब्याचा पाला कुजत असतो आणि दार वाजवून विचारले तर उत्तर ठरलेले असते : “विकायची नाही.” स्वतः चालवत नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत आणि गाडी मात्र सडवतात, ही अशा मालकांविषयीची नेहमीची तक्रार मला अर्धीच पटते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरच्या जुन्या गाड्या मिळेल त्या भावाने निघाल्या. त्यांतल्या कितीतरी शेवटी भंगारात गेल्या. आज जी गाडी तुम्हाला हवीशी वाटते, ती तेव्हा कोणीतरी विकायला नकार दिला म्हणूनच उरली आहे.

पुढील सूचना अशा गाडीवर डोळा असलेल्या माणसासाठी आहेत आणि त्यांचा क्रम कदाचित उलटा वाटेल. आधी गाडी टिकवायची, मग कागद मार्गी लावायचे आणि किमतीचे बोलणे सर्वांत शेवटी काढायचे. माझ्या पाहण्यात नकार देणाऱ्या मालकाकडून गाडी मिळते ती बहुधा याच रस्त्याने, आणि नाहीच मिळाली तरी निदान गाडी वाचते.

नकार कशासाठी आहे

‘विकायची नाही’ या उत्तराआड निरनिराळी कारणे असतात आणि पैसा त्यांत क्वचितच पहिला असतो. सर्वांत उघड कारण आठवणीचे. परवाना-राजच्या काळात पैसे भरूनही गाडी लगेच मिळत नसे, नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे वडिलांनी घेतलेली फियाट ही त्या घराच्या लेखी बंगल्याइतकीच कष्टाची मिळकत असते. दुसरे कारण ‘निवृत्त झाल्यावर मीच ती करून घेणार आहे’ हे. अशा मालकाने जुन्या बाजारातून एखादा हेडलाइट किंवा बंपर आणूनही ठेवलेला असतो, आणि त्याच्याशी विक्रीचे बोलणे म्हणजे त्याच्या निवृत्तीनंतरच्या बेताला हात घालणे होय.

तिसरे कारण अपमानाचे. यापूर्वी कोणी एजंट येऊन, टायरला लाथ मारून, ‘पत्र्याच्या भावात देताय का’ असे विचारून गेलेला असतो आणि त्याचा राग पुढच्या प्रत्येक माणसावर निघतो. फाटकावर ‘गाडी विकणे नाही. चौकशी करू नये.’ अशी पाटी असेल, तर निराश होण्याचे कारण नाही. मालकाचे गाडीकडे लक्ष आहे, एवढे तरी त्या पाटीने कळते. ज्या गाडीविषयी मालक ‘असेल तिकडे मागे’ म्हणतो, तिची काळजी जास्त वाटावी.

चौथे कारण सर्वांत मोठे, आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. गाडी अजून दिवंगत वडिलांच्या नावावर असते, दोन भाऊ आणि एक बहीण वारस असतात, त्यांतला एक भाऊ परदेशात असतो आणि दुसऱ्याशी बंगल्याच्या वाटणीवरून बोलणे बंद असते. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला हे सारे सांगण्यापेक्षा ‘विकायची नाही’ म्हणणे सोपे असते. तुमच्या प्रश्नावर मालक गाडीच्या प्रवासांविषयी बोलू लागला तर कारण आठवणीचे समजावे, सुट्या भागांविषयी बोलू लागला तर हौसेचे, आणि ‘ते माझ्या एकट्याचे नाही हो’ असे अर्धवट काही पुटपुटला तर पुढे कागदांचा भाग लक्ष देऊन वाचावा.

विचारण्याची रीत

दुपारी एक ते चार या वेळेत बेल वाजवू नये, हे पुण्यात वेगळे सांगायला नको. सकाळी दहाच्या सुमारास किंवा संध्याकाळी फिरून आल्यावर मालक आवारातच भेटतो. एकट्याने जावे, फार तर घरातले एखादे वडीलधारे माणूस बरोबर असावे. चार मित्रांचा घोळका आणि मोबाइलचा कॅमेरा पाहून फाटक उघडले जात नाही. फाटकाबाहेरून फोटो काढून तो सगळीकडे पाठवणे हा तर शुद्ध अविचार आहे, कारण त्यानंतर त्या पत्त्यावर एजंट येतात, पाठोपाठ आरसे आणि हबकॅप चोरणारेही येतात, आणि मालकाचे दार तुमच्यासाठी कायमचे बंद होते.

पहिला प्रश्न गाडीविषयी असावा, विक्रीविषयी नव्हे. त्यासाठी समोरची गाडी कोणती आहे हे ओळखता आले पाहिजे. १९५४ पासून भारतात आलेली गोलसर पाठीची फियाट ११०० आणि १९६४ नंतरची चौकोनी बांध्याची, जिची पुढे प्रीमियर पद्मिनी झाली ती, यांतला फरक न कळणाऱ्याशी मालक फार वेळ बोलणार नाही. “काका, ही सुपर सिलेक्ट का?” (गोल फियाटचे एक मॉडेल) या एका प्रश्नाने जे साधते ते नोटांच्या बंडलाने साधत नाही. त्या गोल गाडीला सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात खरे, पण मालकाच्या दारात तो शब्द आधी मालकाने उच्चारावा आणि मग आपण.

पहिल्या भेटीत आकडा बोलू नये आणि मालकाने विचारला तरी “आधी नीट पाहू द्या” म्हणून टाळावा. भेट झाली नाही, किंवा झाली आणि नकारावर संपली, तर हाताने लिहिलेले एक पत्र ठेवून यावे. मजकूर साधारण असा असावा :

“सप्रेम नमस्कार. आपल्या आवारातील अ‍ॅम्बॅसडर मी येता-जाता पाहतो. ती विकण्याचा आपला विचार नसल्याचे समजले आणि त्याबाबत माझा आग्रह नाही. पावसाळ्यापूर्वी गाडीखाली ठोकळे लावणे, पेट्रोलची टाकी रिकामी करणे अशा कामांत मदत लागल्यास मी ती विनामूल्य करीन. पुढेमागे गाडी देण्याचे ठरलेच, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी मला एक फोन करावा, एवढीच विनंती.” खाली नाव, पत्ता आणि फोन नंबर.

हे पत्र काकूंच्या हाती पडले तर उत्तमच, कारण त्या गाडीने अडवलेल्या जागेचा हिशेब बहुधा त्यांच्याकडे असतो. पत्राचे उत्तर कधी पुढच्या मे महिन्यात येते, कधी बंगला बिल्डरकडे देण्याचे ठरते तेव्हा येते. तोवर दर महिन्याला फोन करून पिच्छा पुरवू नये. दिवाळीला एकदा सहज डोकावले तरी पुरते.

गाडी रस्त्यावर उभी असेल, तर मात्र मालकाला एक गोष्ट वेळीच सांगावी. महापालिका रस्त्यांवरील बेवारस वाहनांवर नोटीस चिकटवते आणि नंतर ती उचलून नेते. बसलेले टायर आणि धुळीचा थर असलेली गाडी बेवारसच दिसते. ती आवारात घेण्यासाठी हातभार लावावा. मालकावर दबाव यावा म्हणून आपणच तक्रार करणे, असला उद्योग करणारे लोक आहेत; त्यांना माझे काहीच सांगणे नाही.

उभी गाडी जिवंत ठेवणे

मालकाने मदत स्वीकारली, तर खरे काम इथे सुरू होते आणि ते मेअखेरीच्या आत उरकावे. उभ्या गाडीचे सर्वांत जास्त नुकसान ओल करते. अंगाला चिकटलेली प्लॅस्टिकची ताडपत्री पाऊस अडवते, पण आतली वाफही कोंडते, आणि तिच्याखाली पत्रा पावसात भिजणाऱ्या गाडीपेक्षा लवकर सडतो. वर पत्र्याचे साधे छप्पर आणि गाडीवर सुती कव्हर ही जोडी चांगली. छप्पर शक्य नसेल तर ताडपत्री बांबूंवर ताणून गाडीपासून हातभर वर बांधावी. काचा बोटभर खाली ठेवून फटीला जाळी लावावी. गाडी झाडाखाली असेल तर वायपरच्या खालच्या जाळीत साचलेला पाला हाताने काढावा, कारण तिथले पाणी वाहून जाण्याचे भोक बुजले की ते पाणी आत उतरते आणि पायाखालचा पत्रा खाते.

टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. पेट्रोल वर्षानुवर्षे पडून राहिले की त्याचा वार्निशसारखा चिकट थर होतो आणि कार्ब्युरेटरची भोके बुजतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल शोषून घेते आणि जुन्या काळचे रबरी पाइप व वॉशर त्याला टिकत नाहीत, म्हणून उभ्या गाडीत नवे पेट्रोल भरून ठेवणे हाही उपाय नव्हे. बॅटरी काढून घरात ठेवावी. हँडब्रेक सोडावा, नाहीतर ब्रेक ड्रमला धरून बसतात. चाके जमिनीपासून उचलून अ‍ॅक्सलखाली लाकडी ओंडके द्यावेत. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे वजनाने फुटतात आणि खाली काम करणाऱ्याच्या जिवावर बेततात.

इंजिन जाम आहे की नाही हे पाहण्यासाठी सेल मारण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि तोच टाळला पाहिजे. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे पातळ तेल सोडावे आणि चार-पाच दिवस ते मुरू द्यावे. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावावा आणि हाताने, जोर न करता, किंचित पुढे आणि किंचित मागे असे हलवून पाहावे. आधी काहीच हलत नाही, मग पान्याला रबर ताणल्यासारखी लवचीक जाणीव होते आणि नंतर करकर न करता पुली सुटते. सुटली नाही तर पुन्हा तेल सोडून आठवडाभर थांबावे. लांब पाइप लावून जोर केला की पिस्टनची रिंग तुटते. पुली फिरू लागल्यावर रॉकर कव्हर (व्हॉल्व्हवरचे झाकण) उघडून सर्व व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते पाहावे, कारण फियाट आणि ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असताना इंजिन फिरवले तर पुशरॉड (व्हॉल्व्ह हलवणारी दांडी) वाकतो. यानंतर महिन्यातून एकदा पुली हाताने थोडी फिरवून वेगळ्या जागी ठेवली की पुरे. दर रविवारी पाच मिनिटे गाडी चालू करून बंद करणाऱ्या मालकाला आदराने थांबवावे. एवढ्या वेळात इंजिन पुरते तापत नाही आणि आतली वाफ तेलात व सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते.

उंदीर-घुशींसाठी सायलेन्सरचे तोंड आणि एअर क्लीनर जाळीने बंद करावे आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी. नंतर कोणी चालू करायला गेला तर त्याला कळले पाहिजे.

गाडी पूर्वी पुराच्या पाण्यात उभी होती का, हेही विचारावे. २५ सप्टेंबर २०१९ च्या आंबील ओढ्याच्या पुरात सहकारनगर, अरण्येश्वर भागांत, आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत, पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. मालक ‘थोडे पाणी आले होते’ म्हणाला, तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचे तेल दुधाळ झाले आहे का ते पाहावे आणि दारांच्या आत तळाशी साचलेला गाळ काढावा.

कागद

गाडी दिवंगत माणसाच्या नावावर असेल, तर ती कोणालाही थेट विकता येत नाही. मालकाच्या मृत्यूची माहिती वारसाने ३० दिवसांत कळवावी आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. ही मुदत टळून वीस वर्षे झाली म्हणून रस्ता बंद होत नाही, विलंबाचा दंड भरावा लागतो. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी बुक आणि इतर वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रे ही यातली मुख्य अडचण. इथे तुमचा खरा उपयोग होतो. काकांना संगम पुलाजवळच्या आरटीओत स्वतः खेपा घालण्याचा उत्साह नसतो. तुम्ही अर्ज आणून दिलेत, प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून दिलात आणि बहीण-भावांच्या सह्या कोणकोणत्या लागतील हे कागदावर मांडून दिलेत, तर वर्षानुवर्षे अडलेले काम काही महिन्यांत होते. गाडी काकांच्याच नावावर होऊ द्यावी. आरसीवर नामनिर्देशन करण्याची सोय २०२१ पासून आहे, तीही त्याच वेळी करून घ्यावी.

आरसीवरचे इंजिन आणि चॅसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहावेत. या गाड्यांची इंजिने अनेकदा बदललेली असतात आणि नोंद केलेली नसते. तीन अक्षरी जुन्या क्रमांकाच्या गाडीची नोंद ‘वाहन’ या नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत सापडत नसेल, तर आरटीओत मूळ नोंदवहीवरून ती चढवून घ्यावी लागते.

‘पंधरा वर्षे झाली, आता भंगारातच द्यावी लागेल’ ही समजूत दिल्लीच्या बातम्यांवरून पसरली आहे. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यासाठी शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेत विंटेज नोंदणीही मिळते. तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे असते. ऐकायला ती भारदस्त वाटते, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे असेल, तर साधे नूतनीकरणच बरे, असे माझे मत आहे.

किंमत आणि गाडी हलवणे

एवढे झाल्यावर किमतीचा विषय बहुधा मालकच काढतो, आणि तो नव्या घराच्या पार्किंगमुळे निघण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. बंगला किंवा वाडा पुनर्विकासाला गेला की भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणारे कुटुंब जुनी गाडी बरोबर नेऊ शकत नाही, आणि रिकामे करण्याच्या तारखेच्या घाईत भंगारवाल्याला फोन जातो. म्हणून अशा वेळी गाडी ठेवण्यापुरती कोरडी जागा आपल्या हाताशी हवी. विक्री ठरली नसली तरी ‘गाडी माझ्या शेडमध्ये ठेवा, मालकी तुमचीच’ असे सांगता येते. मात्र तसे केल्यास गाडी कोणाची, किती दिवस आणि नुकसान झाल्यास जबाबदार कोण, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

भाव पाडण्यासाठी मालकासमोर गाडीची उणीदुणी काढू नयेत. पत्रा कुठे सडला आहे, पुट्टी कुठे भरली आहे (चुंबक लावला की समजते), इंजिन बोर करावे लागेल का, क्रोमचे कोणते भाग गहाळ आहेत, याची यादी करून तिची एक प्रत मालकाला द्यावी आणि ‘तुमच्या मिस्तरीलाही दाखवा’ म्हणावे. नाना पेठेत यांत्रिक भाग शोधून मिळतील, जुन्या बाजारातही नशिबाने काही हाती लागेल. गोल फियाटच्या काचा आणि बॉडीचे भाग मात्र आधी सापडल्याशिवाय खर्चाचा अंदाज बांधू नये. ‘रंग बदलायचा नाही’, ‘हॉटेलच्या दारात उभी करायची नाही’ अशा अटी मालक घालतो. त्या पाळायच्या नसतील, तर तिथेच स्पष्ट सांगावे आणि गाडी सोडून द्यावी.

व्यवहाराच्या दिवशी नमुना २९ आणि ३० (मालकी हस्तांतराचे अर्ज) यांवर सह्या, मूळ आरसी आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती घ्याव्यात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडी दोरीने ओढून नेऊ नये. ब्रेक धरलेले असतात, टायर चिरलेले असतात आणि विमा तर संपून कितीतरी वर्षे झालेली असतात. ड्रम आधी सैल करून चाके हाताने फिरतात हे पाहावे, उसनी का होईना हवा धरणारी चार चाके चढवावीत आणि सपाट पाठीचा टो-ट्रक बोलवावा. पेठेतल्या बोळातून गाडी काढायची असेल, तर आदल्या दिवशी बोळाची रुंदी मोजून ठेवावी आणि सकाळी सातच्या आत, दुचाक्या लागण्यापूर्वी, काम उरकावे.